सिकलसेल : संशोधनाची भाषा आणि आपण

मी चारठाण्यात राहतो आणि महाविद्यालयात मराठी शिकवतो. गेल्या लग्नसराईत माझ्या एका विद्यार्थिनीचे ठरत आलेले लग्न मोडले. हुंड्यावरून नव्हे, पोटजातीवरून नव्हे. एका कार्डावरून मोडले. तिचे आजोळ विदर्भातले. तेथल्या आरोग्य शिबिरात तिचे रक्त तपासले गेले होते आणि कार्डावर ‘एएस’ अशी दोन अक्षरे लिहिलेली होती. मुलाकडच्यांनी ती अक्षरे पाहिली, चहा घेतला आणि ते निघून गेले. मुलाचे रक्त कोणी तपासलेले नव्हते. तपासावे असे कोणाला वाटलेही नाही. मुलगी मला विचारीत होती, “सर, माझ्या रक्तात खोट आहे का?”

मराठीच्या शिक्षकाने या प्रश्नाचे उत्तर कसे द्यावे? प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्याकडून मी लेख मागून आणले आणि वाचत बसलो. माझ्या घरात माझ्याआधी कोणी पदवीधर झालेले नाही. त्यामुळे छापील अक्षराचा, आणि त्याहूनही आकड्यांच्या तक्त्याचा, एक धाक माझ्या मनात अजून आहे. पण वाचता वाचता लक्षात आले की, हेही एक वाङ्मयच आहे. त्यात कोणी बोलणारा आहे, कोणाविषयी तरी बोलले जाते आहे, आणि ज्याच्याविषयी बोलले जाते तो गप्प आहे. कथा-कादंबरीला आपण जे प्रश्न विचारतो ते या वाङ्मयाला का विचारू नयेत? हा लेख त्या वाचनाचा आहे.

आधी विज्ञान काय सांगते ते पाहू. आपल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. त्याच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असावयास हवे, तेथे व्हॅलिन येते. जनुकातील एका अक्षराचा हा फरक. प्राणवायू कमी पडला की असे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटून त्याचे ताठ धागे होतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक वाहिन्यांत अडकते आणि माणूस वेदनेने तळमळतो. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून असे जनुक आले तर मूल ‘एसएस’ म्हणजे रुग्ण होते. एकाकडूनच आले तर ‘एएस’ म्हणजे वाहक. वाहक सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो. 1954 मध्ये अॅलिसन यांनी आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवून दिले की, वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून संरक्षण मिळते. म्हणजे ज्याला आज खोट म्हणून पाहिले जाते, त्याच गुणाने कधीकाळी आपल्या पूर्वजांची मुले हिवतापातून वाचली.

आता त्या मुलीचे गणित पाहा. ‘एएस’ मुलीचे लग्न ‘एए’ मुलाशी झाले तर त्यांचे एकही मूल सिकलसेलचे रुग्ण होत नाही. दोघेही ‘एएस’ असतील तरच प्रत्येक गरोदरपणी रुग्ण मूल होण्याची शक्यता पंचवीस टक्के. तेव्हाही गर्भाची लवकर तपासणी करता येते. म्हणजे विज्ञान दोघांचे रक्त तपासावयास सांगते. आपण मात्र मुलीचे तपासले आणि निकाल दिला. सिकलसेलच्या प्रचारात ‘कुंडलीऐवजी कार्ड जुळवा’ असा सल्ला दिला जातो. सल्ला चांगल्या हेतूचा आहे. परंतु ज्या समाजात कुंडली मुलीच्याच मंगळासाठी पाहिली जाते, तेथे कार्डाचाही मंगळ होणार, हे सल्ला देणाऱ्यांना कळावयास हवे होते. आणि ज्यांनी 1956 साली नागपूरला कुंडली, मुहूर्त, देव-दैव सोडले, त्यांच्या घरात हा मंगळ मागच्या दाराने यावा, ही गोष्ट विज्ञानावर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

आता संशोधनाच्या भाषेकडे येतो. मध्य भारतातील सिकलसेलची नोंद 1958 मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूरहून ‘लॅन्सेट’मध्ये केली. तेव्हापासून आजतागायत या विषयावरील लेखांत एक तक्ता हमखास असतो. त्याच्या पहिल्या रकान्यात जातींची आणि जमातींची नावे असतात, दुसऱ्यात टक्केवारी. गोंड, भिल्ल, पावरा, कोरकू, महार. आरोग्यसेवा नेमकी कोठे न्यावी यासाठी हा तक्ता उपयोगी आहे, हे मी नाकारीत नाही. माझा आक्षेप तक्त्याखालच्या मौनाला आहे. एका गटात हे जनुक का साठून राहिले, या प्रश्नाला लेखक ‘अंतर्विवाह’ असा एक शब्द टाकून पुढे जातात. जणू अंतर्विवाह हा नदीच्या प्रवाहासारखा एक नैसर्गिक प्रकार आहे!

अंतर्विवाह नैसर्गिक नाही, तो लादलेला आहे, आणि तोच जातीचा प्राण आहे, हे बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात सांगितले. ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या विषयावरील 1948 च्या ग्रंथात तर त्यांनी मानवमिती करणाऱ्यांचीच हत्यारे उचलली. नाकाच्या मोजमापांचे आकडे घेतले आणि ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशाचे आहेत हा सिद्धांत त्याच आकड्यांनी मोडीत काढला. आकड्याला न घाबरता त्याच्याकडून साक्ष काढून घेणे, ही समीक्षेची रीत त्यांनी आपल्याला दिली आहे. 2016 साली कोलकात्याच्या बाजूच्या कल्याणी येथील संस्थेतील संशोधकांनी जनुकांच्या अभ्यासावरून असे मांडले की, भारतातील वरिष्ठ गटांत परस्परांतील विवाहसंबंध सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी थांबले. म्हणजे त्याआधी रक्त मिसळत होते. पुढे कोणीतरी दार लावून घेतले. शंभर वर्षांपूर्वी केवळ समाजशास्त्राच्या बळावर मांडलेल्या गोष्टीला आज प्रयोगशाळा साक्ष देते आहे. मग तक्त्यातील त्या टक्केवारीला जातीचा गुण का म्हणावे? ती जातव्यवस्थेची खूण आहे. नागपूर परिसरातील पाहण्यांत कुणबी, तेली या समाजांतही हे जनुक सापडले आहे. जनुकाला जात ठाऊक नाही. रकाना आखणाऱ्याला आहे.

येथे एक सावधगिरी घ्यावयास हवी. काही सुशिक्षित मित्र उत्साहाने म्हणतात, “पाहा, आता विज्ञानानेही आंतरजातीय विवाह सांगितला!” हा युक्तिवाद मला मान्य नाही. जात मोडावयाची ती समता, स्वातंत्र्य आणि बंधुता यांसाठी. उद्या एखादे औषध निघाले आणि अंतर्विवाहाचा वैद्यकीय तोटा उरला नाही, तर काय जात राहू द्यावयाची?

विज्ञानाच्या थोर माणसांकडूनही भाषा कशी घसरते याचे उदाहरण लायनस पॉलिंग यांचे आहे. 1949 मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेलला ‘रेणूचा आजार’ म्हणून सिद्ध केले. रोग रेणूपर्यंत शोधता येतो हे जगाला प्रथमच कळले. रसायनशास्त्राचे नोबेल आणि शांततेचेही नोबेल मिळालेला हा माणूस. याच माणसाने 1968 मध्ये लिहिले की, सिकलसेलचे जनुक असलेल्या तरुण माणसांच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे अशी दोन माणसे प्रेमात पडणार नाहीत. ज्यांच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधला गेला, त्यांना या सूचनेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पॉलिंग दुष्ट नव्हते. त्यांना दुःख थांबवावयाचे होते. पण ज्याच्या कपाळावर गोंदावयाचे त्याला विचारावे, हे त्यांना सुचले नाही. पुढे अमेरिकेत 1970 च्या दशकात अनेक राज्यांनी तपासणीचे कायदे केले, निरोगी वाहकांना नोकरी आणि विमा नाकारला गेला. हवाई दलाच्या अकादमीने तर 1981 पर्यंत वाहकांना दार बंद ठेवले होते.

परंतु याच देशात दुसरेही काही घडले, आणि ते आपण नीट वाचले नाही. 1971 पासून ब्लॅक पँथर पक्षाने काळ्या वस्त्यांत सिकलसेलची मोफत तपासणी सुरू केली. त्यांनी दवाखाने काढले, वस्तीतल्या पोरांना रक्त घ्यावयास शिकवले, आणि सरकार या आजाराकडे दुर्लक्ष का करते हा प्रश्न राजकीय केला. 1972 मध्ये अमेरिकन सरकारला सिकलसेलचा कायदा करावा लागला. त्याच 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर जन्मली. आपण त्यांचे नाव घेतले. जनार्दन वाघमारे आदींनी काळ्यांच्या साहित्याची ओळख करून दिली, त्यांची कविता घेतली, त्यांचा संताप घेतला. त्यांचा दवाखाना मात्र घेतला नाही. हे मी दोषारोप म्हणून लिहीत नाही. तेव्हा आपल्यापुढे गावोगावचे अत्याचार उभे होते. पण हिशेब मांडताना हा आकडा वगळता येणार नाही. नागपूरला संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटीच्या कामातून रुग्ण आणि पालक एकत्र आणले. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या कामाची दखल आपल्या साहित्यचर्चेने किती घेतली?

आता यंत्रांविषयी. आजचे वैद्यक खुणांवर चालते. रक्तातला एखादा घटक मोजावयाचा आणि त्यावरून रोगाचा अंदाज घ्यावयाचा. मधुमेहासाठी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी ही अशीच खूण. पण ती हिमोग्लोबिनवरच मोजतात. 2017 मध्ये अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या लोकांवरील अभ्यासात दिसले की, साखर तेवढीच असूनही सिकलसेलच्या वाहकांत हा आकडा सुमारे 0.3 ने कमी येतो. बोटाला लावावयाचे ऑक्सिमीटर कोविडमध्ये घरोघर पोचले. 2020 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले की, प्राणवायू धोकादायक पातळीवर उतरलेला असताना तो न दाखवण्याची चूक हे यंत्र गोऱ्यांच्या तुलनेत काळ्या रुग्णांत जवळजवळ तिप्पट वेळा करते. यंत्र कोणाचा द्वेष करीत नाही. पण ते ज्या शरीरांवर पारखून घेतले जाते, त्यांनाच ते नीट ओळखते. ‘प्रमाण’ शरीर कोणाचे, हा प्रश्न ‘प्रमाण’ भाषा कोणाची या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे.

उपचारांतही हेच. जन्मापूर्वीच्या बाळात वेगळे, गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन असते. ज्यांच्या रक्तात ते मोठेपणीही जास्त राहते त्यांचा आजार सौम्य असतो. हायड्रॉक्सियुरिया हे जुने, स्वस्त औषध ते वाढवते. नवे तंत्र क्रिस्परच्या कात्रीने जनुकातच बदल करून ते वाढवते. 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने कॅस्गेव्ही या उपचारास मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटींच्या वर. त्याआधी कडक केमोथेरपी आणि दीर्घ काळ रुग्णालय. आपल्याकडे दिल्लीच्या सीएसआयआरच्या जनुकशास्त्र संस्थेने स्वतःचे क्रिस्पर तंत्र तयार केले आणि 2025 च्या नोव्हेंबरात ते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिले. त्याला ‘बिरसा 101’ हे नाव आहे. बिरसा मुंडा 1900 साली रांचीच्या तुरुंगात मेले, पंचविशीत. सरकारने कॉलरा म्हणून नोंद केली. त्यांचे नाव औषधाला दिले याचा मला आनंद आहे. त्या नावाचा मान मात्र मेळघाटातल्या, गडचिरोलीतल्या मुलाला ते औषध कोणत्या किमतीत मिळते, यावर ठरेल. आणि तोवर प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सियुरियाची गोळी दर महिन्याला न चुकता मिळते काय, हा प्रश्न क्रिस्परपेक्षा लहान नाही.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झाले. आदिवासीबहुल भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, हे उद्दिष्ट. तपासणी झाली पाहिजे, जोरात झाली पाहिजे. परंतु ‘निर्मूलन’ या शब्दापाशी मी थबकतो. हा शब्द आपल्या कानाला ‘जातिनिर्मूलन’ म्हणून ओळखीचा आहे. रोगाच्या निर्मूलनास सरकारने साल ठरवून दिले. जातीच्या निर्मूलनास कोणते साल आहे? शिवाय निर्मूलन रोगाचे व्हावयाचे की रोग्याचे? 2016 च्या कायद्याने सिकलसेलच्या रुग्णास दिव्यांग मानले, पण सरकारी नोकरीतील चार टक्के आरक्षणात रक्ताच्या आजारांना धरले नाही. ज्याला कायदा ओळखतो पण पोट भरू देत नाही, त्याच्यापुढे निर्मूलनाची घोषणा कशी ऐकू येत असेल?

म्हणून माझे म्हणणे असे आहे. दलित साहित्याने भुकेचे शरीर लिहिले, मार खाल्लेले शरीर लिहिले. वेदनेने रात्रभर तळमळणारे, शाळा बुडणारे, ‘नाटक करतो’ म्हणून बोलणी खाणारे हे शरीरही आपल्या समीक्षेच्या कक्षेत आले पाहिजे. आणि संशोधनाचे लेख आपल्या विद्यार्थ्यांनी मराठीत वाचले पाहिजेत, तेही शरणागत होऊन नव्हे आणि आंधळा नकार देऊनही नव्हे. रक्त देताना तपासणी कशासाठी, नोंद कोणाकडे राहणार, नंतर औषध कोण देणार, हे तीन प्रश्न प्रत्येक वस्तीतल्या माणसाला विचारता आले पाहिजेत. विज्ञाननिष्ठा म्हणजे विज्ञानापुढे हात जोडणे नव्हे. हात जोडणे आपण सोडले आहे.

त्या मुलीला मी कागदावर चौकटी आखून गणित समजावून दिले. तिने तो कागद पाहिला आणि म्हणाली, “म्हणजे खोट माझ्यात नव्हती. त्यांनी अर्धाच हिशेब केला.” ती आता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात वर्गातल्या मुलींना तोच कागद ती फळ्यावर काढून दाखवीत होती. मी मागच्या बाकावर बसून ऐकले. माझ्यापेक्षा तिने बरे शिकवले.