सर्पवधाचे सूत्र आणि मराठी नागकथा

तौलनिक पुराणकथांच्या अभ्यासात 'वीराने सर्प मारिला' या तीन पदांच्या सूत्रास आज जी प्रतिष्ठा लाभली आहे, ती प्रामुख्याने कॅल्व्हर्ट वॉटकिन्स यांच्या 1995 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे. 'ड्रॅगन कसा मारावा' असे काहीसे मिस्किल शीर्षक धारण करणारा हा ग्रंथ वस्तुतः इंडो-युरोपीय काव्यभाषेचा अत्यंत काटेकोर अभ्यास आहे. संस्कृत हन्, अवेस्तेतील जन् आणि हित्ती भाषेतील कुएन् हे एकाच मूळ धातूचे वंशज होत. वैदिक अहि आणि अवेस्तेतील अझि ही नामेही तशीच एका मुळाची. वॉटकिन्स यांनी केवळ शब्दांचे साम्य दाखविले नाही, तर क्रियापद आणि कर्म यांची जोडीच वारशाने आली आहे, असे सिद्ध केले. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या सिद्धांतापुढे मान तुकवावी, इतका तो सबळ आहे. माझा आक्षेप सूत्राच्या सत्यतेविषयी नाही. ते कोठे संपते, याविषयी आहे.

हे सूत्र आपल्यापासून किती जवळ आहे, हे प्रथम पाहावे. गिरगावातील फणसवाडीत 1783 सालचा दादीसेठ आतशबेहराम आहे, आणि धोबीतलावला 1897 सालचा अंजुमन आतशबेहराम. मुंबईतील चारांपैकी हे दोन. त्या नावातील 'बेहराम' म्हणजे अवेस्तेतील वेरेथ्रघ्न. पहलवीतील वरहरान, वहराम या पायऱ्या उतरत तो शब्द येथवर आला. संस्कृतात त्याचे सख्खे भावंड म्हणजे वृत्रहन्, अर्थात इंद्र. तेव्हा फणसवाडीतून रोज जाणारा-येणारा मनुष्य वृत्रघ्नाचे बिरुद नकळत वाचीत असतो! परंतु बेनव्हेनिस्त आणि रनू यांनी 1934 सालीच दाखवून दिले, की इराणी वेरेथ्रघ्नाच्या वाट्यास सर्पवध नाही. 'वेरेथ्र' म्हणजे प्रतिकार, आडकाठी. ती मोडणारा तो वेरेथ्रघ्न. ऋग्वेदातही 'वृत्र' हे नपुंसकलिंगी बहुवचनात 'शत्रू, अडथळे' या अर्थाने येतेच. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी वृत्राचा अर्थ 'बांध' असा लावला आणि इंद्राने सिंधुसंस्कृतीचे बांध फोडले असे मानले, त्या तर्काचा पायाही हाच. इराणात अझि दहाकाला मारणारा वीर वेगळा, थ्रएतओन.

आता सूत्राच्या अंताचा प्रश्न. इंद्र आणि वृत्र यांच्या युद्धाचे सर्वांत प्रसिद्ध वर्णन हिरण्यस्तूप आंगिरसाच्या सूक्तात आहे (ऋग्वेद, मंडल 1, सूक्त 32). सर्पवधाच्या सूत्राचा उत्तम वैदिक पुरावा म्हणून हेच सूक्त पुढे केले जाते. त्याच्या पंधरा ऋचांपैकी चौदावी ऋचा मात्र विलक्षण आहे. अहीला मारून मोकळा झालेला इंद्र भयाने पळत सुटतो आणि नव्याण्णव प्रवाह ओलांडून जातो. कवी त्यालाच विचारतो, की मेलेल्या अहीचा सूड घ्यावयास आलेला कोण तुझ्या दृष्टीस पडला? विजयगीताच्या अगदी शेवटास ही ऋचा का यावी? इंद्राच्या वेगाची ती स्तुतीच आहे, असे म्हणून तिची बोळवण करता येईल. पण वेगाच्या वर्णनास भयाची गरज नसते. पुढे महाभारताच्या उद्योगपर्वात वृत्रवधामुळे ब्रह्महत्येचे पाप लागलेला इंद्र कमळाच्या देठात दडून बसतो, तेव्हा या ऋचेतील बीजच वाढलेले दिसते. वॉटकिन्स यांनी मारणाराच मारला जाण्याची उलट शक्यता विचारात घेतली आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु येथे इंद्र मरत नाही. तो जिंकतो आणि भितो. ही तिसरीच गोष्ट आहे.

इराणातही तेच. अवेस्तेत दहाक मारला जातो. पहलवी परंपरेत मात्र थ्रएतओनाला त्यास मारण्याची मनाई होते, कारण त्याचे शरीर छेदल्यास त्यातून निघणाऱ्या किडामुंग्यांनी पृथ्वी भरून जाईल. म्हणून त्याला दमावंद पर्वतावर जखडून ठेवले जाते. आपल्याकडे भागवतातील कालियाला श्रीकृष्ण मारीत नाही. त्यास रमणक द्वीपास धाडतो, आणि फणेवरील आपल्या पाउलखुणांमुळे गरुड तुला त्रास देणार नाही, असे अभयही देतो. जनमेजयाचे सर्पसत्र आस्तिकामुळे अर्धवट थांबते. आस्तिकाचा पिता ऋषी, माता नागकन्या; म्हणजे सत्र थांबविणारा हा मध्यस्थ दोन्ही कुळांचा नातलग आहे.

ही परंपरा मराठी लोककथेत आली तेव्हा वध हा कथेचा शेवट न राहता प्रारंभ झाला, असे माझे म्हणणे आहे. श्रावणात घरोघरी सांगितली जाणारी नागपंचमीची कहाणी पाहावी. शेतकऱ्याच्या नांगराच्या फाळाने वारुळातील नागाची पिले मरतात. वीर नाही, शौर्य नाही, हेतूही नाही. वध मात्र झाला आहे. नागीण परतते, फाळास लागलेले रक्त पाहते आणि शेतकऱ्याच्या साऱ्या घरादारास दंश करिते. मग तिला आठवते, की याची एक लेक परगावी दिली आहे. ती तेथे पोहोचते तेव्हा त्या लेकीने पाटावर गंधाने नाग काढून दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखविलेला असतो. नागीण संतुष्ट होते, अमृत देते, आणि लेक माहेर जिवंत करिते. जे अवजार शेत पिकविते तेच येथे शस्त्र ठरते, हे कहाणीकर्तीने किती सहज सांगितले आहे! त्या दिवशी नांगरू नये, खणू नये, चिरू नये, तळू नये, हे निषेध या कहाणीचेच आचाररूप होत. आपल्या टीकाकारांनी कहाण्यांकडे व्रतवैकल्यांचे साहित्य म्हणून पाहिले, क्वचित गद्याचे नमुने म्हणून. ऋग्वेदाच्या चौदाव्या ऋचेने विचारलेल्या प्रश्नास एका कहाणीने उत्तर दिले आहे, हे मात्र त्यांच्या नजरेतून निसटले.

भाषेची साक्षही हीच आहे. साप दुखावला तर तो 'डूख धरतो'. सूड घेण्यास आलेला जो कोणी इंद्राला दिसला असेल, त्याचे मराठी नाव या एका शब्दप्रयोगात आहे. रात्री सापाचे नाव घेऊ नये म्हणून 'जनावर', 'लांबडे' असे म्हणावयाचे, आणि साप चावला तर 'पान लागले'. अहि हा जुना शब्द बोलीतून गेला. 'अहिनकुल' यासारख्या समासात तेवढा उरला. 'सर्प' म्हणजे तरी काय, सरपटणारा. तोही मुळात टाळाटाळीचाच शब्द असावा. मारलेल्या नागाच्या तोंडात पैसा घालून त्यास अग्नी देण्याची चाल अनेक ठिकाणी होती. शत्रूला कोणी असा निरोप देत नाही.

यावर एक ठरीव उत्तर आहे: सर्पवध आर्यांचा, सर्पपूजा आर्येतरांची, आणि आपल्या कथा म्हणजे दोहोंचे मिश्रण. कोकणातील वारूळरूप सातेरीसारख्या देवतांकडे पाहता या म्हणण्यात तथ्यांश नाही असे नाही. पण ते सारे उलगडून दाखवीत नाही. मारल्यानंतरचे भय जर केवळ आर्येतर संपर्कातून आले, तर ते ऋग्वेदातील त्याच विजयसूक्तात कसे? आणि इराणात, जेथे हा संपर्क नव्हता, तेथे दहाकाला न मारण्याचे कारण कसे सुचले? भय हे सूत्राइतकेच जुने असण्याचा संभव अधिक. युरोपीय कथांनी ते बव्हंशी गाळले. सेंट जॉर्जची तेराव्या शतकातील कथा येथे बोलकी आहे. (फोर्टमधील रुग्णालय ज्याचे नाव वाहते, तोच हा संत.) त्या कथेत राजकन्या आपला कमरपट्टा ड्रॅगनच्या गळ्यात बांधते आणि तो कुत्र्यासारखा तिच्यामागून नगरात येतो. मराठी कहाणी येथेच थांबली असती. सेंट जॉर्ज मात्र त्यानंतर त्याचे मस्तक उडवितो.

राहिला भाषांतराचा प्रश्न, आणि विभागात अनुवादाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे तो रोजच उभा असतो. प्रचलित मराठी बायबलात, प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात, ड्रॅगनला 'अजगर' म्हटले आहे. अजगर म्हणजे शब्दशः बकरा गिळणारा. आकार साधला, पण वैर नाही की दृष्टी नाही. ग्रीक 'द्राकोन' हा शब्द पाहण्याच्या धातूपासून, म्हणजे आपल्या 'दृश्'च्या सगोत्र धातूपासून झाला असे मानतात. रोखून पाहणारा तो ड्रॅगन. याउलट चीनविषयीच्या मराठी वृत्तपत्री मथळ्यांत 'ड्रॅगन' हा शब्द सर्रास शत्रुवाचक झाला आहे. चिनी बौद्ध भाषांतरकारांनी 'नाग' या शब्दासाठी आपला 'लुंग' हाच शब्द योजिला होता; नागार्जुनाचे चिनी नाव 'लुंग-शू' असे आहे आणि नागराज तेथे 'लुंग-वांग', पर्जन्याचा व जलाशयांचा स्वामी. चिन्यांनी आपला नाग घरच्या शब्दाने ओळखला. आपण त्यांचा लुंग इंग्रजीच्या वाटेने आणून त्याला सेंट जॉर्जच्या भाल्यासमोर उभा केला. चिनी ग्रंथाच्या मराठी भाषांतरात 'नाग' किंवा 'जलनाग' लिहावयास मला कोणताच प्रत्यवाय दिसत नाही. 'अहि' मात्र वृत्रासाठी, दहाकासाठी आणि प्रकटीकरणातील त्या अग्निवर्ण प्राण्यासाठी राखून ठेवावा.