उतारशाळेनंतरचा शोमरोनी

संत लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यावर आपल्याकडे प्रवचने व लेख विपुल आहेत. त्यांतील बहुतेकांवर आमचा एक आक्षेप आहे. ती तेल आणि द्राक्षारसापाशी थांबतात. याजक व लेवी बगल देऊन गेले, परक्याने जखमा बांधल्या, एवढ्यावर बोध काढून विवेचन संपते. दाखला मात्र पुढे चालूच राहतो.

शोमरोनी जखमीला उतारशाळेत नेतो, तेथे त्याची काळजी घेतो, दुसऱ्या दिवशी रक्षकाला दोन दीनार देतो आणि अधिक खर्च झाल्यास परतताना फेडण्याचे वचन देतो. हा उत्तरार्ध आम्हांला दाखल्याचा गाभा वाटतो. पहिली दया डोळ्यांसमोरच्या जखमेने जागी होते. दुसरीला दृष्टीआड झालेल्या माणसाचे स्मरण ठेवावे लागते.

असाध्य आजाराच्या रुग्णाला गरज असते ती या दुसऱ्या दयेची. इंग्लंडमध्ये २००४ साली 'नाइस' या संस्थेने कर्करुग्णांच्या सेवेविषयी केलेल्या शिफारशींत 'की वर्कर'ला महत्त्वाचे स्थान दिले. रुग्णाच्या संमतीने त्याच्या सेवेची सूत्रे सांभाळणारी ही एक ठरलेली व्यक्ती, बहुधा अनुभवी परिचारिका. सर्व कामे तिने करावयाची नसतात. कोणतेही काम दोघांच्या मध्ये पडून राहू नये, हे तिने पाहावयाचे असते.

नाशिकहून परळच्या टाटा रुग्णालयात जाणारी कुटुंबे आपल्या परिचयाची आहेत. रोग हटणार नाही असे कळले की फाइल घेऊन रुग्ण कसारा घाट चढून घरी परततो. भेटीला येणारे पुष्कळ असतात. फळे, प्रार्थना, सल्ले यांची वाण नसते. पण मॉर्फिनच्या गोळ्या संपत आल्या आहेत, रात्री वेदना वाढल्यास कोणाला बोलवावे, धर्मगुरूंना रुग्णाभ्यंगासाठी केव्हा निरोप द्यावा, हे सारे ध्यानात ठेवणारे कोण? बहुधा घरची सून किंवा लेक. तिला हे कोणी शिकवलेले नसते. तिची विचारपूसही क्वचितच होते.

वांद्र्याला १९८६ साली डॉ. एल. जे. डिसोझा यांनी शांती आवेदना सदन उभारले. तेथे होली क्रॉसच्या धर्मभगिनी सेवा करतात. ही खरीखुरी उतारशाळा होय. परंतु प्रत्येक रुग्णास अशी खाट मिळणे शक्य नाही. याच दाखल्याचे नाव धारण करणारे व्हॅटिकनचे २०२० सालचे पत्रही सांगते की, रोग बरा होणे थांबले तरी काळजी थांबत नाही. ही काळजी धर्मग्रामातील प्रत्येक घरी पोहोचावयाची, तर निरोपाचा धागा हाती धरणारे एक माणूस हवे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. असा सेवक डॉक्टर नव्हे. औषधाची मात्रा त्याने ठरवू नये. रुग्णावर मालकीही सांगू नये. शोमरोनी रक्षकावर विश्वास टाकून आपल्या वाटेला लागतो, पण पुन्हा येण्याचे वचन देऊन. आमच्या मते, दाखल्याचे यापुढील विवेचन या वचनापासून सुरू व्हावे.