‘द व्हॅक्सीन वॉर’ : लसनिर्मितीतील भागीदारीचे अपुरे चित्रण

प्रस्तावना :
विवेक अग्निहोत्री दिग्दर्शित ‘द व्हॅक्सीन वॉर’ हा हिंदी चित्रपट सप्टेंबर २०२३ मध्ये प्रदर्शित झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे माजी महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांच्या ‘गोइंग व्हायरल’ या पुस्तकावर तो आधारलेला आहे. लससंशोधनातील शासन, उद्योग व विद्यापीठ यांच्या भागीदारीचे चित्रण त्यात कितपत यथार्थ आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

चित्रपटाचे सामर्थ्य :
पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील महिला शास्त्रज्ञांचे श्रम येथे कथानकाच्या केंद्रस्थानी येतात. लसीच्या चाचणीसाठी माकडे मिळविताना झालेली धावपळ प्रभावी आहे. नाना पाटेकर व पल्लवी जोशी यांचा संयत अभिनय या भागाला विश्वसनीयता देतो. प्रयोगशाळेतील दैनंदिन कामाला एवढे स्थान हिंदी चित्रपटात क्वचितच मिळाले असेल.

मर्यादा :
मात्र चित्रपट मुख्य संघर्ष शास्त्रज्ञ आणि विरोधी पत्रकार यांच्यात उभा करतो. त्यामुळे भागीदारीतील खरे प्रश्न झाकले जातात. विषाणू वेगळा केला तो शासकीय संस्थेने; लस विकसित केली ती हैदराबादच्या भारत बायोटेकने. सुमारे २५,८०० स्वयंसेवकांवरील तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत परिषद सहभागी होती आणि करारानुसार तिला निव्वळ विक्रीवर ५ टक्के स्वामित्वधन मिळणार होते. या आर्थिक व्यवहाराला कथानकात महत्त्व नाही.

कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ रोजी आपत्कालीन परवानगी मिळाली, तेव्हा परिणामकारकतेचे निष्कर्ष उपलब्ध नव्हते. ७७.८ टक्के परिणामकारकता पुढे सिद्ध झाली. परंतु त्याआधी पुरावा मागणारा विज्ञानाचा शत्रू ठरत नाही. पुरावा मागणे ही विज्ञानाचीच रीत होय. चित्रपटाची ही सर्वांत गंभीर उणीव आहे.

पुढील घटनेनेही हेच दाखविले. कंपनीच्या पेटंट अर्जात परिषदेचे नाव नव्हते, ही बाब उघड झाल्यावर जून २०२४ मध्ये कंपनीने ते समाविष्ट करण्याची तयारी दर्शविली. चित्रपट त्यापूर्वीचा असल्याने हा दोष त्याच्यावर येत नाही. मात्र ज्ञानाच्या मालकीचा प्रश्न भागीदारीच्या मुळाशीच होता.

विद्यापीठाचे स्थान :
पुण्यातच सीरम इन्स्टिट्यूटने कोव्हिशील्ड बनविली. तिचे मूळ संशोधन ऑक्सफर्ड विद्यापीठाचे होते आणि ते अॅस्ट्राझेनेकामार्फत उत्पादकापर्यंत आले. कोव्हॅक्सिनच्या मूळ करारात मात्र विद्यापीठ नव्हते. एकाच शहराशी निगडित या दोन नमुन्यांची तुलना चित्रपटाला अधिक सखोल करू शकली असती.

समारोप :
शास्त्रज्ञांचा गौरव करण्यात चित्रपट यशस्वी होतो. भागीदारी समजावून देण्यात तो अपुरा पडतो. मिरजेसारख्या वैद्यकीय परंपरेच्या शहरातील महाविद्यालयांत तो दाखविला गेल्यास, सार्वजनिक निधीतून निर्माण झालेल्या ज्ञानावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न अध्यापकांनी विद्यार्थ्यांपुढे आवर्जून मांडावा.