राधाची वेगळी चूल

चेन्नईच्या सेंट्रल स्थानकासमोर, पार्क टाउनमध्ये, मद्रास मेडिकल कॉलेज आहे. १८७८ साली अहमदनगरकडची एक मराठी मुलगी इथे शिकायला आली. वय सोळा. इंग्लंडला जाऊन शिकण्याची संधी प्रकृतीमुळे हुकली होती, म्हणून मद्रास. बायकांना या कॉलेजात प्रवेश मिळू लागून तीनच वर्षे झाली होती. पहिल्या वर्षी तिने उत्तम यश मिळवले आणि मग प्रकृतीने इथेही दगा दिला. डॉक्टरकी राहून गेली. पुढे ती याच शहरातली सून झाली आणि लेखिका झाली. तिचे नाव कृपाबाई. माहेरचे आडनाव खिस्ती, सासरचे सत्यनाथन. (खिस्ती हे मूळचे ब्राह्मणी आडनाव आहे. धर्मांतरानंतर घेतलेले आहे असे समजून ते 'दुरुस्त' करून छापणारे मी पाहिले आहेत.)

कृपाबाईंनी दोन कादंबऱ्या लिहिल्या, दोन्ही इंग्रजीत. 'सगुणा' १८८७-८८ मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात क्रमशः आली. 'कमला' १८९४ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्याच वर्षी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कृपाबाई गेल्या आणि 'सगुणा'चे पुस्तक त्यांच्या पश्चात, १८९५ मध्ये निघाले. दोन्ही कादंबऱ्यांची भूमी आपली, दख्खनची. माणसे मराठी, सणवार मराठी, सासुरवास तर अस्सल मराठी. तरी मराठी कादंबरीच्या इतिहासात त्यांना जागा नाही, कारण भाषा मराठी नव्हे. इंग्रजीवाले त्यांना पहिल्या भारतीय स्त्री-कादंबरीकारांपैकी एक म्हणून गौरवतात आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतात.

मला या दोन पुस्तकांकडे एका विशिष्ट प्रश्नासाठी परतावे लागले. मी ख्रिस्ती घरात वाढलो. आमच्याकडे 'स्वातंत्र्य' हा शब्द प्रवचनात फार यायचा: पापापासून, रूढीपासून, भयापासून. धर्म निवडण्याचे स्वातंत्र्य हवे, हे आम्ही हक्काने सांगत असू. पण धर्म नाकारण्याचे स्वातंत्र्य, तेही आपल्याच घरातल्या माणसाने आपल्याच धर्माला 'नको' म्हणण्याचे, आम्ही कितपत राखले? ख्रिस्ती स्वातंत्र्याची परीक्षा इथे होते असे मला वाटते, आणि हा प्रश्न कृपाबाईंच्या लेखनात आहे. पहिल्या पुस्तकात त्या तो चुकवतात. दुसऱ्यात त्याला भिडतात.

'सगुणा' हे कादंबरीचे रूप घेतलेले आत्मचरित्र आहे. सगुणा म्हणजे स्वतः लेखिका, हरिचंद्र म्हणजे तिचे वडील हरिपंत, राधा म्हणजे आई. हरिपंत अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या ब्राह्मण ख्रिस्तींपैकी एक. कादंबरीतला हरिचंद्र मनाशी झगडतो, वाचतो, वाद घालतो, आणि घरादाराचा, आईच्या आकांताचा विचार करूनही बाप्तिस्मा घेतो. लेखिका हे सारे आदराने लिहिते आणि तो आदर योग्यच आहे. त्या काळी ब्राह्मणाने ख्रिस्ती होणे म्हणजे जिवंतपणी घराला मेलेले होणे. सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी माणूस किती किंमत मोजू शकतो, याचे हे चित्र आहे.

पण राधाचे काय? तिने काहीच निवडलेले नाही. तिच्या इच्छेविरुद्ध तिला नवऱ्याकडे आणले जाते. कोवळ्या वयाची, सासूच्या धाकात वाढलेली, सोवळ्याओवळ्यात मुरलेली ही मुलगी एका 'बाटलेल्या' माणसाच्या घरात येऊन पडते. तिथे ती आपल्या हाती उरलेली एकच गोष्ट करते: वेगळे शिजवते. नवऱ्यापासून, त्याच्या स्पर्शापासून स्वतःला जपते.

ही वेगळी चूल मला 'सगुणा'तली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. आजच्या वाचकाला ती सहज जातीयतेची खूण वाटेल आणि ती तशी आहेही. पण तिचे जग विचारल्याशिवाय मोडले गेले होते, आणि आपल्या मनाची सीमा कुठे आहे हे दाखवायला तिच्याजवळ दुसरे साधन नव्हते. हरिचंद्राच्या बाप्तिस्म्याला आपण विवेकाचे स्वातंत्र्य म्हणत असू, तर राधाच्या चुलीलाही तोच शब्द लावावा लागेल. लेखिकेला हे जाणवते. राधाची भीती, तिचा एकटेपणा ती मनापासून लिहिते. हरिचंद्र तिच्यावर सक्ती करत नाही, धीर धरतो, शिकवतो, हेही सांगते. मग हळूहळू राधा बदलते, ख्रिस्ती होते आणि कथा पुढे सरकते. आणण्यातली सक्ती नंतरच्या प्रेमाने फिटली, असा हिशेब कादंबरी मनातल्या मनात करून टाकते. मुलीने आईबापांची कथा सांगताना याहून कठोर व्हावे अशी अपेक्षा करणे बरे नव्हे. टीकाकाराने मात्र हिशेब तपासायला हवा. शेवट गोड झाला म्हणून सुरुवातीच्या जबरदस्तीचे काय?

हा प्रश्न त्या काळच्या कायद्यालाही पडला होता. १८५० च्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क राखला. १८६६ मध्ये आणखी एक कायदा झाला: नवरा किंवा बायको ख्रिस्ती झाल्यामुळे दुसऱ्याने एकत्र राहायला नकार दिला, तर न्यायालय त्या दुसऱ्या व्यक्तीला तिचे कारण विचारी, वर्षभर वाट पाही, आणि नकार कायम राहिला तर लग्न मोडता येई. कायदा मुख्यतः धर्मांतरितांच्या सोयीचा होता, हे खरे. पण त्यात बायकोला स्वतंत्रपणे विचारण्याची सोय होती आणि तिचा 'नाही' ग्राह्य धरला जाई. राधाच्या तरुणपणी हा कायदा नव्हता. तो असता तर तिने काय केले असते? कादंबरी हा प्रश्न विचारत नाही.

'सगुणा' मद्रासमध्ये छापली जात होती तो काळही पाहावा. मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. लहानपणी लग्न झालेल्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला होता आणि मार्च १८८७ मध्ये न्यायालयाने सांगितले, की नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि त्या पुढे डॉक्टर झाल्या. बाईची संमती हा शब्द देशभर गाजत असताना एक मराठी ख्रिस्ती लेखिका आपल्या आईच्या न विचारलेल्या संमतीची कथा लिहीत होती.

मराठीत या प्रसंगाचे दुसरे रूप आपल्याला चांगले ठाऊक आहे. तेही नगरच्याच मिशनच्या परिसरातले. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या पाच वर्षांत काय घडले ते 'स्मृतिचित्रे'त आहे: ताटातूट, नातेवाइकांकडचा मुक्काम, रडणे, भांडणे, मग जवळ येऊनही जपलेले वेगळेपण. आणि अखेर जातपातीच्या विचारात स्वतःच काढलेली वाट. राधाची जी चूल 'सगुणा'त थोडक्यात आटोपते, ती लक्ष्मीबाईंच्या हाती आली की सबंध प्रकरणे धगधगत राहते. फरक एवढाच की ही चूल मांडणारी बाई स्वतः लिहिते आहे, मुलगी नव्हे. म्हणून तिथे नवऱ्याचे मोठेपणही दिसते आणि त्याचा विक्षिप्त, अन्यायी हटवादीपणाही. राधाला लेखणी मिळाली असती तर हरिचंद्र आपल्याला इतका निर्दोष दिसला असता का, ही शंका 'स्मृतिचित्रे' वाचल्यावर मनातून जात नाही.

'सगुणा'वर अन्याय नको. त्यातला दुसरा धागा तितकाच महत्त्वाचा आहे. सगुणा मोठी होते, मिशनच्या शाळेत जाते आणि गोऱ्या मिशनरी बायांचा तोरा तिला झोंबतो. देशी ख्रिस्ती मुलीने कृतज्ञ, विनम्र आणि एक पायरी खाली राहावे, ही अपेक्षा तिला कळते आणि ती चिडते. हे त्या काळी एका मिशनरी मासिकात लिहायला धाडस लागत होते. पौलाचे गलतीकरांस लिहिलेले पत्र ज्याने वाचले आहे त्याला हा वाद ओळखीचा वाटेल. यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर सुंतेची अट लादावी का, हा तिथला वाद. एका समाजाची रीत दुसऱ्यासाठी तारणाची अट होऊ शकत नाही, असे पौल भांडून सांगतो. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या जोगिणींशी वर्षानुवर्षे हाच वाद पत्रांतून घातला. एका पुरोहितवर्गाचे जोखड झुगारून दुसऱ्याचे मानेवर घ्यायचे नाही, हा त्यांचा आग्रह होता. ए. बी. शहांनी संपादित केलेला तो पत्रव्यवहार १९७७ पासून छापील उपलब्ध आहे आणि ख्रिस्ती स्वातंत्र्यावर कुणा मराठी माणसाने केलेला त्याहून कणखर विचार मी वाचलेला नाही. सगुणा रमाबाईंइतकी तर्कशुद्ध नाही, ती फक्त दुखावते. पण ते दुखावणे त्याच जातीचे आहे.

आता 'कमला'. ही कादंबरी कृपाबाईंनी शेवटच्या आजारपणात पुरी केली. नायिका हिंदू, ब्राह्मण. वडील डोंगरात एकांतात राहणारे विद्वान. लग्न, सासूचा जाच, नवरा गणेशचे दुसऱ्या बाईकडे ओढले जाणे, मूल जाणे, मग वैधव्य. मद्रासच्या प्रसिद्ध पाद्र्याची सून, मिशनच्या पैशावर शिकलेली बाई लिहिते आहे म्हटल्यावर वाचक शेवट आधीच ओळखतो: विधवा नायिकेला एखादी मिशनरी बाई भेटणार, पुस्तक देणार आणि शेवटच्या प्रकरणात बाप्तिस्मा. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'पासून (१८५७) ही वाट मळलेली होती.

'कमला'त बाप्तिस्मा नाही. कुणी धर्मप्रसारक येत नाही. येतो तो रामचंद्र, तिच्यावर मनापासून प्रेम करणारा. तो तिला लग्नाची मागणी घालतो. सासरची सत्ता आता तिच्यावर नाही. ती मोकळी आहे. आणि ती नाही म्हणते. आयुष्य इतरांसाठी वेचते.

कथनकर्ती या नकाराशी सहमत नाही, हे स्पष्ट दिसते. रूढीने कमलाच्या मनावर बसवलेली पकड तिला खुपते, ती तसे सांगतेही. तरीही ती कमलाला वाचवत नाही. हात धरून हव्या त्या दारातून आत ओढत नाही. स्वतःला जे सत्य वाटते ते नाकारण्याची मोकळीक लेखिका आपल्या नायिकेला देते आणि नकारानंतरही तिचा मान कमी करत नाही. कलेच्या दृष्टीने 'कमला' 'सगुणा'पेक्षा डावी आहे: योगायोग फार, संवाद कृत्रिम, निसर्गवर्णने इंग्रजी कवितांच्या वळणाची. पण राधाच्या बाबतीत जे राहिले ते इथे झाले. माझ्या वाचनात ही दोन पुस्तके मायलेकींच्या गोष्टींसारखी जोडली गेली आहेत. आईला न मिळालेला नकार लेखिकेने एका कल्पित हिंदू स्त्रीला दिला.

याच चेन्नईत ऑक्टोबर २००२ मध्ये सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध वटहुकूम निघाला. विरोध झाला आणि २००४ मध्ये तो मागे घेतला गेला. शिक्षेचे कलम मला तेव्हाही खटकले होते. सामान्य गुन्ह्याला तीन वर्षे. पण धर्मांतर झालेली व्यक्ती अल्पवयीन, स्त्री, किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर चार. दुबळ्यांना अधिक संरक्षण, असा त्याचा बचाव होता. पण त्यातला गृहीत धरलेला भाग वेगळा आहे: बाईचे मन लहान मुलाच्या मनासारखे, कुणीही वळवावे असे. हा साचा ओडिशाने १९६७ मध्ये घालून दिला आणि १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने उचलला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही कायदे वैध ठरवले. आमच्या मंडळ्यांतून या कायद्यांविरुद्ध बोलले गेले ते बहुतेक चर्चच्या, प्रसाराच्या हक्काच्या भाषेत. ज्या बाईचे मन कायद्याने अज्ञान ठरवले तिच्या बाजूने फारसे कुणी बोलले नाही. बोलायचे तर राधाची आठवण काढावी लागली असती, आणि ती अडचणीची आहे. तिला ख्रिस्ती घरात आणताना आम्हीही तिला विचारले नव्हते.

कृपाबाईंचे सासरे डब्ल्यू. टी. सत्यनाथन चिंताद्रीपेट्टेतल्या झायन चर्चचे पाद्री होते. चर्च अजून आहे. 'सगुणा' आणि 'कमला' या दोघींचे तमिळ अवतार एकोणिसावे शतक संपण्याआधीच या शहरात निघाले. म्हणजे राधा तमिळमध्ये बोलली, इंग्रजीत तर आधीच बोलली होती. जिच्या भाषेत ती प्रत्यक्षात सासूशी, नवऱ्याशी आणि मुलीशी बोलली असेल त्या मराठीत तिला वाचताना मी अजून मनातल्या मनात भाषांतर करत असतो. चुलीपाशी आलो की थांबतो. 'वेगळे शिजवणे' म्हणावे, 'सोवळ्याने करणे' म्हणावे, की नुसते 'वेगळी राहिली'? पहिल्यात हट्ट आहे, दुसऱ्यात धर्म, तिसऱ्यात एकटेपणा.