कुमुदिनी, कॅमेरा आणि माणूस

दलित कवीचे कौतुक करताना आमचे प्रस्थापित समीक्षक अजूनही ‘चिखलातले कमळ’ म्हणतात. हेतू चांगला असेल. पण या कौतुकात चिखल हा जणू निसर्गानेच दिलेला, कोणी केलेला नव्हे, असे गृहीत धरलेले असते. फुलाला दाद द्यायची आणि चिखल कोणी केला हे विचारायचे नाही, ही सौंदर्यदृष्टी केवळ आपल्याकडचीच आहे असे मात्र नाही. कमळासारखीच पाण्यात फुलणारी कुमुदिनी, म्हणजे इंग्रजांची वॉटर लिली, हा कलात्मक छायाचित्रणाचा जुना विषय आहे. तिची दोन गाजलेली छायाचित्रे शेजारी ठेवून मी हा प्रश्न तपासू पाहतो.

पहिले छायाचित्र पीटर हेन्री इमर्सनचे. इंग्लंडच्या नॉरफॉक परगण्यात ‘ब्रॉड्स’ नावाची उथळ तळी आहेत. तेथील जीवनावर इमर्सनने टी. एफ. गुडॉल या चित्रकाराच्या साथीने १८८६ साली ४० प्लॅटिनम छायाचित्रांचा ग्रंथ काढला. ‘गॅदरिंग वॉटर लिलीज’ हे त्यातलेच. होडीत वल्ही धरून बसलेला एक पुरुष, काठावरून वाकून फुलाकडे हात नेणारी एक स्त्री, मागे लव्हाळ्यांची दाट रांग. याच ग्रंथात मासे धरण्याचे जाळे लावणारी, दलदलीतले गवत वाहणारी, बोरू कापणारी माणसे आहेत. फूल येथे कामाच्या शेजारी उमलते.

त्या काळी एच. पी. रॉबिन्सन हा छायाचित्रकार घरंदाज मुलींना खेडवळ कपडे घालून ग्रामीण चित्रे जुळवीत असे. खरी खेडूत माणसे त्याला कलेच्या कामाची वाटत नसत. इमर्सनने त्याच्याशी उघड भांडण मांडले. जीवन जेथे आहे तेथे कॅमेरा घेऊन जा, असा त्याचा आग्रह होता. उसने कपडे घातलेल्या दारिद्र्याची ओळख आमच्या वाचकांना वेगळी करून द्यायला नको. मराठी कथेत अशी पात्रे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. म्हणून या भांडणात मी इमर्सनच्या बाजूने उभा आहे.

पाण्याकडे झुकलेला तो हात माझ्या नजरेतून सुटत नाही. पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला ज्यांना सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या वारसांना पाणी हे केवळ प्रतिबिंब पाडणारे आरसपान वाटणे शक्य नाही.

दुसरे छायाचित्र बॅरन अडॉल्फ द मेयर याचे. १९०६ च्या सुमाराचे. येथे होडी नाही, तळे नाही, माणूस नाही. काचेच्या पात्रात पाणी आहे, पाण्यावर कुमुदिनी आहे, आणि काचेतून झिरपणारा प्रकाश आहे. स्टीग्लिट्झच्या ‘कॅमेरा वर्क’ या प्रतिष्ठित नियतकालिकाने १९०८ साली द मेयरच्या कामाला मोठे स्थान दिले. पुढे हाच कलावंत ‘व्होग’चा फॅशन-छायाचित्रकार झाला. चित्र सुंदर आहे, हे मी नाकारीत नाही. ते पाहून मी थांबलो. सौंदर्य पाहून थांबणे हा काही कोणाचा वतनी हक्क नव्हे. पण थांबल्यावर विचारावेसे वाटले : हे फूल तळ्यातून आणले कोणी? वीस वर्षांत फुलाजवळचा हात चौकटीबाहेर गेला होता. आणि हात गेला तेव्हाच फूल ‘शुद्ध कला’ झाले.

मग इमर्सनपाशी सारे मिळते का? नाही. त्याच्या मथळ्यात फूल आहे, कृती आहे. त्या दोन माणसांची नावे नाहीत. आणि ज्याला तो निसर्ग म्हणत होता, त्याचे मूळ त्यालाही ठाऊक नव्हते. ब्रॉड्स ही नैसर्गिक तळी आहेत, अशीच तेव्हा सर्वांची समजूत होती. १९५० च्या दशकात जॉयस लॅम्बर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी तळ्यांचा गाळ भोके पाडून तपासला. तळ्यांचे काठ सरळ उभे कापलेले आणि तळ सपाट निघाले. मध्ययुगात जळणासाठी पीट नावाची माती खणून काढली, ते हे खड्डे होते! पुढे पाण्याची पातळी चढली, खड्डे भरले, आणि त्यांवर कुमुदिनी फुलल्या. खणणाऱ्यांची नावे त्या पाण्यावर कोठेच उमटली नाहीत.

म्हणजे ज्याला निसर्गसौंदर्य म्हणून शतकभर दाद मिळाली, ते श्रमिकांच्या कुदळीने कोरलेले होते. ही गोष्ट मला या दोन्ही चित्रांहून मोठी वाटते. फुलाच्या मुळाशी चिखल असतो एवढे सांगून समीक्षेचे काम संपत नाही. त्या चिखलाखाली खड्डा असतो आणि तो कोणीतरी खणलेला असतो.

दलित समीक्षेने कुमुदिनीला नकार द्यावा, असे मी म्हणणार नाही. नकार द्यायचा तो चौकटीला. फूल आमचेही आहे. आम्ही फक्त त्याच्याजवळचा हात परत मागतो आहोत, आणि हाताबरोबर त्या माणसाचे नावही.