एकच शहर, दोन स्थलांतरित समाज : ‘द लोनली लंडनर्स’ आणि ‘ब्रिक लेन’ या कादंबऱ्यांतील सामाजिक-आर्थिक वास्तवाचा तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये वसाहतींमधून व माजी वसाहतींमधून जे स्थलांतर झाले, त्याने लंडन शहराची सामाजिक रचना मुळापासून बदलली. या स्थलांतराचे चित्रण करणाऱ्या इंग्रजी साहित्यात सॅम्युअल सेल्व्हन यांची ‘द लोनली लंडनर्स’ (१९५६) आणि मोनिका अली यांची ‘ब्रिक लेन’ (२००३) या दोन कादंबऱ्या महत्त्वाच्या मानल्या जातात. पहिलीत वेस्ट इंडीजमधून आलेल्या कामगारांचे, तर दुसरीत पूर्व लंडनमधील बांगलादेशी कुटुंबांचे जीवन आले आहे. दोन्ही समाज ब्रिटिश साम्राज्याच्या परिघावरून आले, दोघांनीही कमी वेतनाची कामे पत्करली आणि दोघांनाही वर्णद्वेषाला तोंड द्यावे लागले. या साम्यामुळे अनेकदा ‘स्थलांतरितांची व्यथा’ या एकाच शीर्षकाखाली त्यांचा विचार केला जातो. तथापि, पैसा कोठून येतो, घर कोणाच्या नावावर असते, उधार कोण देते आणि काम कोठे केले जाते, हे प्रश्न विचारले की दोन्ही समाजांतील भेद स्पष्ट होतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांच्या आधारे दोन्ही कादंबऱ्यांची तुलना केली असून, त्या आपापल्या समाजाविषयी काय सांगतात आणि काय वगळतात, याचाही विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१९४८ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्याने वसाहतींमधील प्रजेला युनायटेड किंग्डम व वसाहतींचे नागरिकत्व दिले. त्याच वर्षी जून महिन्यात ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज कॅरिबियन प्रवाशांना घेऊन टिलबरी बंदरात दाखल झाले. युद्धोत्तर ब्रिटनला मनुष्यबळाची निकड होती. लंडनच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेने १९५६ मध्ये, म्हणजे सेल्व्हन यांची कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, थेट बार्बाडोस बेटावर कामगारभरती सुरू केली. कॅरिबियन स्थलांतरित इंग्रजी बोलत होते, बहुतांशी ख्रिस्ती होते आणि ब्रिटनला ‘मातृदेश’ मानण्याचे शिक्षण त्यांना शाळेतच मिळाले होते. त्यामुळे त्यांच्या वाट्याला आलेल्या नकारात अपेक्षाभंगाची धार होती.

ब्रिटनमधील बांगलादेशी समाज प्रामुख्याने सिल्हेट भागातून आला. ब्रिटिश जहाजांवर खलाशी म्हणून काम करणाऱ्या सिल्हेटींनी लंडनच्या गोदी परिसराशी फार पूर्वी नाते जोडले होते. १९५० आणि १९६० च्या दशकांत प्रामुख्याने पुरुष आले. १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्याने व १९७१ च्या कायद्याने प्रवेशाची दारे आकुंचित होत गेली, तसतशी कुटुंबे आणण्याची प्रक्रिया वाढली. ती प्रामुख्याने १९७० आणि १९८० च्या दशकांत घडली. ही कुटुंबे आली तेव्हा उत्पादक उद्योगांना उतरती कळा लागली होती. कपडे शिवण्याचा धंदा आणि उपाहारगृहे हीच रोजगाराची मुख्य साधने उरली होती. कॅरिबियन कामगार तेजीच्या काळात आला, तर बांगलादेशी कुटुंब मंदीच्या काळात स्थिरावू पाहत होते. दोन्ही समाजांच्या आर्थिक स्थितीची तुलना करताना हा कालभेद विसरून चालत नाही.

वेतन : रोजगार केंद्र आणि शिवणयंत्र

सेल्व्हन यांचा नायक मोझेस सुमारे दहा वर्षे लंडनमध्ये राहिलेला त्रिनिदादी कामगार आहे. कादंबरीच्या आरंभी तो धुक्यातून वॉटर्लू स्थानकावर नवागत हेन्री ऑलिव्हरला, म्हणजेच ‘सर गॅलहॅड’ला, घ्यायला जातो. दुसऱ्या दिवसापासून गॅलहॅडचे शिक्षण सुरू होते आणि त्याचा पहिला धडा रोजगार केंद्रात मिळतो. तेथील नोंदपत्राच्या माथ्यावर उमेदवार जमैकाचा व काळ्या वर्णाचा असल्याची सांकेतिक अक्षरे लिहिलेली असतात. माणूस त्रिनिदादचा असो वा बार्बाडोसचा, कागदावर तो जमैकन ठरतो. ज्या मालकाला काळा कामगार नको आहे त्याच्याकडे त्याला पाठवून वेळ दवडू नये, एवढाच त्या खुणेचा हेतू. कोणीही अपशब्द उच्चारीत नाही, कोणीही दार लावून घेत नाही. कार्यालयीन शिस्तीतून घडणारा हा भेदभाव सेल्व्हन यांनी अतिशय संयमाने दाखविला आहे. कायद्याने नागरिक असलेला माणूस नोंदवहीत वेगळा पडतो आणि रात्रपाळीच्या, कमी कौशल्याच्या कामाकडे वळविला जातो.

‘ब्रिक लेन’मध्ये रोजगाराचे स्थळ बदलते. मैमनसिंग जिल्ह्यातील खेड्यात १९६७ मध्ये जन्मलेली नाझनीन अठराव्या वर्षी, चाळिशीतल्या चानूशी विवाह करून टॉवर हॅम्लेट्समधील नगरपालिकेच्या सदनिकेत येते. ढाका विद्यापीठाची पदवी घेतलेला चानू स्थानिक परिषदेतील बढतीची वर्षानुवर्षे वाट पाहतो. भिंतीवर प्रमाणपत्रांच्या चौकटी वाढत जातात, पगार वाढत नाही. नोकरी सोडल्यानंतर तो टॅक्सी चालवू लागतो आणि घरात शिवणयंत्र येते. नाझनीन नगावर मजुरी घेऊन कपडे शिवते. कपड्यांचे गठ्ठे आणणारा व नेणारा मध्यस्थ करीम हाच तिचा श्रमबाजार होय. तिला रोजगार केंद्रात जावे लागत नाही, पण त्यामुळे तिच्या श्रमाची नोंदही कोठे होत नाही.

येथे एक महत्त्वाचा मुद्दा उपस्थित होतो. २००१ च्या सुमारास ब्रिटनमधील बांगलादेशी स्त्रियांचा श्रमबाजारातील सहभाग अत्यल्प असल्याचे आकडेवारी सांगत होती, तर कॅरिबियन स्त्रियांचा सहभाग लक्षणीयरीत्या अधिक होता. या आकड्यांवरून बांगलादेशी स्त्री काम करीत नाही, असा निष्कर्ष सहज काढला जातो. घरी बसून नगावर केलेले काम पाहणीत सहसा येत नाही, ही बाब कादंबरी ठळकपणे समोर आणते. अर्थतज्ज्ञ नायला कबीर यांनी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात ढाका व लंडन येथील बांगलादेशी स्त्रियांच्या कामाची तुलना केली होती. ढाक्यात स्त्रिया घराबाहेर पडून कारखान्यात जात होत्या, तर लंडनमध्ये त्या घरातच शिवण करीत होत्या, हा त्यातील विरोधाभास होता. मोनिका अली यांनी या अभ्यासाचे ऋण मान्य केले आहे. कादंबरीत ढाक्याच्या तयार कपड्यांच्या कारखान्यात काम करणारी हसीना आणि लंडनच्या सदनिकेत शिवणारी तिची बहीण नाझनीन यांच्या रूपाने हा विरोधाभास कथारूप घेतो.

निवारा आणि कुटुंब

सेल्व्हन यांच्या पुरुषांपैकी बहुतेकांजवळ घर नाही, खोली आहे. गॅस मीटरमध्ये शिलिंग टाकल्यावर ऊब देणारी, भाड्याची, तळघरातली वा माळ्यावरची खोली. रविवारी सकाळी सारे मोझेसच्या खोलीवर जमतात, गावच्या आठवणी काढतात आणि पांगतात. मुंबईच्या गिरणगावातील चाकरमान्यांच्या खोल्यांशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हे दृश्य अपरिचित वाटणार नाही. मात्र एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. चाकरमान्याचे गाव शिमग्याला वा गणपतीला गाठता येण्याजोगे होते. मोझेसचे गाव समुद्रापलीकडे आहे आणि परतीच्या भाड्याइतकी शिल्लक कधीच साठत नाही. उपासमार विनोदाच्या आवरणातून येते. गॅलहॅड उद्यानातले कबूतर पकडतो, तर नायजेरियाचा ‘कॅप’ सीगल पक्षी धरतो. हसता हसता वाचकाच्या लक्षात येते की ही माणसे भुकेली आहेत.

नाझनीनजवळ सार्वजनिक गृहनिर्माणातील घर आहे, नवरा आहे, मुली आहेत, शेजार आहे. वरवर पाहता ही स्थिती अधिक सुरक्षित वाटते. परंतु या घरात दाटी आहे आणि अनेक वर्षे नाझनीनचे जग त्याच भिंतींपुरते मर्यादित राहते. इंग्रजी शिकण्याची तिची इच्छा चानू टाळतो. परिसरावर वर्णद्वेषी हिंसेची सावली आहे. ४ मे १९७८ रोजी व्हाइटचॅपल भागात अल्ताब अली या तरुण वस्त्रकामगाराची हत्या झाली आणि त्यानंतर बांगलादेशी समाज प्रथमच मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरला. कादंबरीतील करीमची पिढी या संघर्षाची वारसदार आहे. ब्रिक लेनवरील मशिदीची वास्तू १७४३ मध्ये फ्रेंच प्रॉटेस्टंट निर्वासितांनी चर्च म्हणून बांधली. पुढे ती मेथडिस्ट प्रार्थनागृह, १८९८ पासून ज्यूंचे सिनेगॉग आणि १९७६ मध्ये मशीद झाली. येणारा प्रत्येक समाज याच गल्ल्यांत शिवणकाम करीत वर चढला, असे या वास्तूच्या आधारे सांगितले जाते. हा क्रम आपोआप घडतो असे मात्र मानता येणार नाही.

उधारीचे दोन प्रकार

दोन्ही समाजांच्या आर्थिक व्यवहारांतील भेद उधारीच्या प्रसंगांतून सर्वाधिक स्पष्ट होतो. टोलरॉय या जमैकन कामगाराची वृद्ध मावशी ‘टँटी’ हॅरो रोड परिसरातील इंग्रज दुकानदाराला उधारीची पद्धत स्वीकारायला लावते. आठवड्याच्या शेवटी पगार झाला की हिशेब चुकता करायचा, ही आपल्या बेटावरची रीत ती लंडनमध्ये रुजविते. या व्यवहारात व्याज नाही, कागद नाही. परस्परांवरचा विश्वास आहे. पुरुषांच्या या कादंबरीत शहराची रीत प्रत्यक्ष बदलणारी व्यक्ती एक वृद्ध स्त्री आहे, ही गोष्ट समीक्षकांनी अधिक गांभीर्याने घ्यायला हवी.

‘ब्रिक लेन’मध्ये कर्ज समाजाच्या आतूनच मिळते. संगणक आणि शिवणयंत्र यांसाठी चानू मिसेस इस्लाम या वयोवृद्ध, प्रतिष्ठित स्त्रीकडून पैसे घेतो. धर्माने व्याज निषिद्ध मानले आहे, म्हणून व्याज हा शब्द कोणी उच्चारीत नाही. फेड मात्र संपत नाही. अखेर नाझनीन तिला कुराणावर हात ठेवून व्याज घेत नसल्याची शपथ घ्यायला सांगते आणि मिसेस इस्लाम निरुत्तर होते. समाजाची एकजूट हे स्थलांतरिताचे भांडवल असते, हे समाजशास्त्रातील प्रचलित मत आहे. त्या भांडवलावरही सावकारी चालते, याचे भान हा प्रसंग देतो.

दोन्ही चित्रणांच्या मर्यादा

सेल्व्हन यांच्या कादंबरीत टँटी वगळता कॅरिबियन स्त्री जवळजवळ अदृश्य आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेची रुग्णालये ज्या कॅरिबियन परिचारिकांच्या श्रमावर उभी राहिली, त्यांना येथे स्थान नाही. गोऱ्या स्त्रियांकडे पाहण्याची पुरुष पात्रांची दृष्टीही आज खटकते. मात्र निवेदकाची भाषा ही पात्रांचीच कॅरिबियन इंग्रजी असल्यामुळे लेखक पात्रांच्या वर उभा राहत नाही. या भाषिक निर्णयाचे मूल्य मोठे आहे.

मोनिका अली यांच्या कादंबरीचा प्रश्न वेगळा आहे. ब्रिक लेनचा समाज बहुसंख्येने सिल्हेटी असताना तिची प्रमुख पात्रे सिल्हेटी नाहीत. उलट चानू सिल्हेटींना तुच्छ लेखतो. चानूचे मत लेखिकेचे मत मानणे ही वाचनाची चूक होय. परंतु २००६ मध्ये चित्रपटाच्या चित्रीकरणाला स्थानिक रहिवाशांपैकी काहींनी जो विरोध केला, त्यामागील अस्वस्थता केवळ असहिष्णुता म्हणून निकालात काढता येत नाही. ज्या समाजाविषयी इंग्रजी वाचक एकच कादंबरी वाचणार आहे, त्या समाजाला ती कादंबरी साक्षीपत्रासारखी भासते. हसीनाची पत्रे बंगालीतून लिहिलेली मानली तरी ती मोडक्या इंग्रजीत दिली आहेत. मातृभाषेत लिहिणाऱ्या स्त्रीची भाषा अशी मोडकी का, याचे समाधानकारक उत्तर कादंबरी देत नाही. शेवटी चानू ढाक्याला परततो, तर नाझनीन मुलींसह लंडनमध्ये राहून मैत्रीण रझियाबरोबर शिवणव्यवसायात भागीदार होते. हा शेवट आशादायक आहे. तथापि नगावर मजुरी देणाऱ्या व्यवस्थेचा प्रश्न तो एका कुटुंबाच्या उद्यमशीलतेने सोडवू पाहतो.

निष्कर्ष

वेस्ट इंडियन पुरुषाला रोजगार मिळाला, पण घर व स्थैर्य मिळाले नाही. बांगलादेशी स्त्रीला घर मिळाले, पण तिचा श्रम रोजगार म्हणून मोजला गेला नाही, असा भेद या तुलनेतून दिसून येतो. हा भेद संस्कृतीपेक्षा आगमनाचा काळ, कायदे आणि श्रमबाजार यांच्याशी अधिक निगडित आहे. त्यानंतरच्या घडामोडींनीही याच निष्कर्षाला पुष्टी दिली आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस शिक्षणात मागे मानली जाणारी बांगलादेशी मुले पुढील काळात शालेय परीक्षांत राष्ट्रीय सरासरीच्या पुढे गेली, तर कॅरिबियन मुलांचे यश सरासरीच्या खाली राहिले. संस्कृतीलाच कारण मानणाऱ्यांना एका पिढीत घडलेला हा बदल समजावून सांगता येत नाही.

२०१८ मध्ये ‘विंडरश’ प्रकरण उघडकीस आले. बालपणीच कायदेशीरपणे आलेल्या अनेक कॅरिबियन व्यक्तींना कागदपत्रांअभावी नोकरी, उपचार व निवारा गमवावा लागला. काहींना देशाबाहेर पाठविण्यात आले. रोजगार केंद्रातील नोंदपत्रावरील खूण आणि सहा दशकांनंतर मागितलेले पुरावे यांत सातत्य आहे. आपल्या महाविद्यालयांत या कादंबऱ्या ‘अस्मिता’ आणि ‘परात्मता’ या संकल्पनांच्या आधारे शिकविताना तो कागद, ते शिवणयंत्र आणि ती उधारीची वही यांकडे दुर्लक्ष झाले, तर व्यथेची चर्चा होईल. ती कोणत्या व्यवहारांतून निर्माण झाली, हा प्रश्न मात्र विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणार नाही.