माइक हातात आल्यावर

आमच्याकडे रिसेप्शन म्हणजे स्टेजसमोरची रांग, हातात पाकीट, एक फोटो आणि थेट बुफे. भाषणं कुणी करत नाही. पण मामेबहिणीच्या रिसेप्शनला हौशी अँकर होता आणि त्याने माइक माझ्या हातात दिला. मी म्हणाले, ताई, दोन वर्षं तुझ्याशी बोलले नाही, सॉरी. टाळ्या पडल्या. ताई हसली.

घरी येऊन ‘रेचल गेटिंग मॅरिड’ (2008) पुन्हा पाहिला. जोनाथन डेमी दिग्दर्शक, पटकथा जेनी ल्युमेटची. व्यसनमुक्ती केंद्रातून बहिणीच्या लग्नासाठी घरी आलेली किम (अ‍ॅन हॅथवे) लग्नाआधीच्या जेवणात ग्लास घेऊन उभी राहते. तिच्याआधी बरेच जण बोलून गेलेले असतात. हा प्रसंग लांबतो, फार लांबतो. पहिल्यांदा मी तो फोनवर सरळ पुढे ढकलला होता. चूक होती ती. ती गोड, थोडी पाल्हाळीक भाषणं ऐकता ऐकताच आपल्याला टोस्टचे न सांगितलेले नियम कळतात: एक विनोद, एक आठवण आणि मग जोडप्याला शुभेच्छा.

किम सुरुवातच स्वतःला संहारकर्ता शिव म्हणवून करते. विनोद फसत जातात. मग ती व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांकडे वळते आणि सगळ्यांदेखत बहिणीची माफी मागते. दुखावलेल्यांची भरपाई करणं ही त्यातली नववी पायरी. माफी खोटी नाही, हॅथवे ती खोटी वाटूही देत नाही. पण भरल्या पंगतीत रेचल ‘नाही’ कशी म्हणणार? डेक्लन क्विनचा हातातला कॅमेरा पाहुण्यासारखा टेबलाशी बसून राहतो, त्यामुळे ऐकणाऱ्यांचं अवघडलेपण आपल्याही अंगावर येतं. रेचलचा (रोझमेरी डेविट) राग नंतर, घरी बाहेर पडतो. ल्युमेट दोघींपैकी कुणालाच सोडत नाही, म्हणून पटकथा मला आवडते.

प्रत्यक्ष लग्नाचा भाग मात्र मला सैल वाटतो. नाचगाणी संपत नाहीत आणि तिथल्या साड्या नुसत्या सजावटीला आहेत. त्या टेबलावरचा ताण इथे कुठेच नाही.

परवा ताईच्या रिसेप्शनचा व्हिडिओ आला. मी सॉरी म्हणाले तेव्हा तिचा चेहरा कसा झाला, ते बघायचं होतं. तीनदा मागे नेला. व्हिडिओवाल्याने अख्खं भाषणभर कॅमेरा माझ्यावरच ठेवलाय.